विसरणाऱ्या मुलाचा दोष कोणता?

‘ढ’ हे वर्णमालेतले एक साधे अक्षर. पण ते एकदा मुलाच्या कपाळी बसले की दहावीपर्यंत पुसले जात नाही. ‘काल शिकविलेले आज विसरला’ एवढाच त्यामागचा पुरावा असतो. पाव शतकाहून अधिक काळ हातात खडू धरलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न निव्वळ अध्यापनाचा वाटत नाही. तो न्यायाचा वाटतो. विसरणे हा अपराध आहे काय? आणि असलाच, तर कोणाचा?

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणशक्तीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोग त्याने स्वतःवरच केले. अर्थहीन अक्षरांच्या माळा पाठ करावयाच्या आणि किती विसरलो ते मोजायचे. तासाभरातच निम्म्याहून अधिक पाठांतर निसटून जाई. हा गृहस्थ काही ‘ढ’ नव्हता! विसरणे हा मनाचा धर्मच आहे, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा थोड्या थोड्या दिवसांनी केलेली उजळणी अधिक टिकते, हे त्याने दाखवून दिले.

पुढे २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. एका गटाने तोच उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्याने एकदा अभ्यासून तीन वेळा पुस्तक न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र त्यांच्या लक्षात ४० टक्के उरले, आठवून लिहिणाऱ्यांच्या ६१ टक्के. गंमत अशी, की आपल्याला अधिक लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

आपल्या घरांतून दिवेलागणीला परवचा म्हटला जाई, तो आठवा. पावकी, निमकी रोज न पाहता म्हणावयाची. आठवण्याचा व्यायाम आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. उणीव असेल तर अर्थाची.

आपल्या सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. उचगावचे मूल घरी मराठी बोलते, बसची पाटी कन्नडमध्ये वाचते आणि इंग्रजी माध्यमात घातले असेल तर गणित इंग्रजीत सोडवते. चाळीस गुंठ्यांचा एक एकर हे त्याला बांधावरच कळलेले असते. पण पुस्तकातला ‘एरिया’ आला की ते अडखळते. एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी मावतात. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून या ओझ्याचा विचार मांडला. शब्दाचा अर्थ लावण्यातच मनाची जागा भरली, तर गणिताला ती उरणार कोठून? अशा वेळी मूल मंद नसते. त्याच्या डोक्यावर दोन पाट्या असतात. अनेक भाषा येणे ही तर श्रीमंती आहे. पण नवी भाषा आणि नवी संकल्पना एकाच क्षणी लादणे हा अन्याय आहे. आधी ओळखीच्या भाषेत कल्पना समजावी, मग तिला दुसऱ्या भाषेतले नाव द्यावे.

कोणी म्हणेल, मनाचे नियम शोधून शिकविणे म्हणजे मुलाला यंत्र समजणे. मला तसे वाटत नाही. जमिनीचा पोत पाहून रताळी लावणारा शेतकरी जमिनीचा अपमान करीत नाही. पोत न पाहता पीक बुडाले म्हणून जमिनीला शिव्या देणारा मात्र करतो.

आमच्याकडे तासाची पहिली पाच मिनिटे वह्या मिटलेल्या असतात. एक प्रश्न कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला. गुण नाहीत, हसणे नाही. मुलांना हे आवडतेच असे नाही. आठवताना कष्ट पडतात. आयती उत्तरे लिहून देणारा शिक्षक अधिक लोकप्रिय होतो. येथेच शिक्षकाच्या सचोटीची कसोटी आहे: मुलाला आज बरे वाटावे, की उद्या त्याला यावे?

पालकहो, परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला जागवू नका. रोज जेवताना एवढेच विचारा, ‘परवा काय शिकलास रे?’ ते आठवेपर्यंत थांबा. त्या थांबण्यात मुलावरचा विश्वास आहे. तो दिल्यावाचून कोणत्याही मुलाला ‘ढ’ म्हणण्याचा अधिकार ना शिक्षकाला आहे, ना आईबापांना.