मोहोरबंद ठेव

सिल्वासाच्या मराठी शाळेत मी संस्कृत आणि मराठी शिकवत असे. निवृत्तीनंतर सकाळी ओटीवर टेबल मांडून लोकांचे अर्ज भरून देतो. खानवेल, मांदोनी, दुधनीकडची माणसं येतात. वारली, कोकणा, ढोडिया. बहुतेकांच्या हातात प्लास्टिकची एक पिशवी असते. आधारकार्ड, रेशनकार्ड, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, मुलीच्या शिष्यवृत्तीचा कागद, सगळं तिच्यात. पिशवी ते माझ्यासमोर उलटी करतात आणि लागेल तो कागद उचला म्हणतात. इतका विश्वास मला अजून पेलत नाही.

दुधनीकडच्या एका आजीने पेन्शनच्या अर्जावर अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि विचारलं, "गुरुजी, किती ठिकाणी अंगठा दिला मी. उद्या परत मागायचा झाला तर कोणाकडं मागायचा?"

मला उत्तर देता आलं नाही. पण हा प्रश्न कार्यालयाचा नाही, धर्माचा आहे, हे तेव्हाच जाणवलं. धर्म म्हणजे इथे पूजाअर्चा नव्हे. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातात असताना आपण काय देणं लागतो, तो धर्म.

आपल्या स्मृतिकारांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. याज्ञवल्क्य ठेवीचा एक खास प्रकार सांगतो, उपनिधी. आत काय आहे ते न सांगता, पेटीत बंद करून दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू. ती दिली तशीच परत करायची. मागितल्यावर दिली नाही आणि मग ती नष्ट झाली, तर ठेव देणाऱ्याला किंमत भरून द्यायची आणि शिवाय तेवढाच दंड. ठेव परस्पर वापरून नफा कमावला तरी दंड. विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिली, आणि वारसाहक्काच्या बाबतीत तिचा शब्द आपल्याकडे इंग्रजी न्यायालयांतही चालला. म्हणजे हा विचार पोथीत पडून राहिलेला नाही.

आजीचा अंगठा ही अशीच ठेव आहे असं मी मानतो. तिने ती विकलेली नाही, दानही केलेली नाही. एका कामापुरती हाती दिली आहे. फरक एवढाच की जुन्या काळी ठेव कोणाकडे ठेवायची ते माणूस स्वतः ठरवत असे. इथे निवड नाही. आधारचा पहिला क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. ही ठेव सर्वांत आधी मागितली गेली ती आदिवासींकडे. आमच्याकडे मार्च 2016 पासून शहरी भागात रेशनच्या धान्याऐवजी खात्यात पैसे जमा होऊ लागले. खातं आणि ओळख जुळल्याशिवाय ते मिळायचे कसे? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चा आहे. त्याच्या सातव्या कलमाने अनुदान आणि लाभ देण्यासाठी सरकारला माणसाची माहिती त्याच्या वेगळ्या संमतीशिवाय वापरता येते. भुकेल्या माणसाने दिलेली संमती तशीही कितपत संमती असते, हा विचार मी बाजूला ठेवतो. मला एवढंच दिसतं की नकार देता येत नाही अशा माणसाकडून घेतलेली ठेव सांभाळण्याचं कर्तव्य मर्जीने दिलेल्या ठेवीपेक्षा जड असलं पाहिजे.

यावर एक जुना आक्षेप आहे आणि तो स्मृतीतूनच निघतो. राजाने, दैवाने किंवा चोराने ठेव नेली तर सांभाळणारा दोषी नाही, असं याज्ञवल्क्यच म्हणतो. माहिती फुटली की हीच सबब पुढे येते: बाहेरच्या कोणीतरी चोरली. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सची संगणकव्यवस्था खंडणीखोरांनी बंद पाडली. दवाखान्याला कितीतरी दिवस हाताने कागद लिहून काम चालवावं लागलं. चोर होते हे खरंच.

पण स्मृतिकार नारदाने या सवलतीला एक कसोटी जोडली आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. सांभाळणाऱ्याचं स्वतःचं धनही त्याच वेळी गेलं असेल, आणि त्याने काही कपट केलं नसेल, तरच तो सुटतो. माझं सोनं ज्या पेटीत, तिथेच तुझं सोनं ठेवलं होतं का, हा खरा प्रश्न.

ही कसोटी आपल्या सरकारला लावून पाहा. स्वतःच्या गुपितांसाठी सरकारपाशी 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा आहे. ती फोडणाऱ्याला तुरुंग आहे. आणि लोकांची गुपितं? नोव्हेंबर 2017 मध्ये माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर देताना आधार प्राधिकरणानेच सांगितलं की केंद्र आणि राज्यांच्या सुमारे 210 संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावं, पत्ते आणि आधार क्रमांक उघड झाले होते. तिथे कोणी कुलूप तोडलं नव्हतं. खात्यांनी यादी स्वतःच्या हाताने लावली होती, रेशनच्या दुकानाबाहेर लावतात तशी. एकाही खात्याने स्वतःची गोपनीय टिपणं अशी टांगली असती का? नारदाच्या न्यायाने ही चोरी नव्हे, सांभाळणाऱ्याची हयगय आहे.

शिवाय एका खात्याची हयगय दुसऱ्या खात्याच्या दारात जाऊन फुटते. 2018 मध्ये तेलंगणात एका माणसाने जमिनीच्या नोंदणीचे दस्तऐवज सरकारी संकेतस्थळावरून उतरवले, त्यांवरच्या अंगठ्यांवरून रबरी ठसे बनवले आणि त्या ठशांनी परक्यांच्या नावाने मोबाईलची सिमकार्डं चालू केली. शेतकऱ्याने अंगठा दिला जमिनीसाठी. तो वापरला गेला फोनसाठी. पासवर्ड बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. आजीला हे न सांगता कळलं होतं.

मग या सगळ्यांवर नजर कोणाची? यंत्रणा नाही असं नाही. 2004 पासून सर्ट-इन ही संगणकसुरक्षेची सरकारी संस्था आहे. एप्रिल 2022 मध्ये तिने आदेश काढला की संगणकावरच्या हल्ल्याची खबर सहा तासांत द्यायची आणि नोंदी 180 दिवस जपायच्या. जून 2023 मध्ये सरकारी कार्यालयांसाठी तिने स्वतंत्र मार्गदर्शक सूचना दिल्या आणि प्रत्येक ठिकाणी माहिती सुरक्षेचा जबाबदार अधिकारी नेमायला सांगितलं. हे चांगलं आहे, मनापासून म्हणतो. पण सर्ट-इनला दिलेली खबर एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाते. दुधनीत पोचत नाही. ज्याची ठेव गेली त्यालाही कळवलं पाहिजे, ही अट 2023 च्या कायद्याने घातली. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली.

बाहेरून पाहणारा डोळा काय दाखवू शकतो ते कॅगने दाखवलं. आधार प्राधिकरणावरचा तिचा अहवाल एप्रिल 2022 मध्ये संसदेपुढे आला. ओळख पटवण्यासाठी वापरली जाणारी यंत्रं लोकांची माहिती साठवून ठेवत नाहीत ना, याची खात्री प्राधिकरणाने करून घेतली नव्हती, असं त्यात नोंदलं आहे. रेशन दुकानदाराच्या हातातल्या यंत्राविषयी आजीला वाटणारी शंका देशाच्या लेखापरीक्षकालाही वाटली होती. फक्त तिला ती विचारायला जागा नव्हती.

इथल्या चर्चवरून जाताना मला ख्रिस्ती परंपरेतली पापनिवेदनाची गोष्ट आठवते. 1215 च्या लॅटरन परिषदेने ठरवलं की कबुली फोडणाऱ्या पाद्र्याला पदावरून काढून आयुष्यभर मठात प्रायश्चित्त भोगायला लावावं. तिथे कान एकच असतो, म्हणून जबाबदार कोण ते स्पष्ट असतं. सरकारी माहितीला शेकडो हात लागतात आणि प्रत्येक जण प्रामाणिकपणे म्हणतो, मी फक्त पुढे पाठवली. माझे काही विद्यार्थी आज कार्यालयांत आहेत, सज्जन आहेत, आणि तेही हेच म्हणतात. संस्थेला मन नसतं. म्हणून तिथे माणसाचं नाव लिहावं लागतं आणि भरपाई ठरवावी लागते.

भरपाईपाशीच आपला कायदा लंगडा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 43अ कलमाने हयगयीबद्दल नुकसानभरपाई मिळू शकते, पण ती कंपन्यांकडून. सरकारी खाती त्यात नाहीत. 2023 चा कायदा सरकारलाही लागू आहे, मात्र 43अ कलम तो काढून टाकतो. त्यात 250 कोटींपर्यंत दंड आहे आणि तो जमा होतो भारताच्या संचित निधीत. म्हणजे सरकारी खात्याने ठेव हरवली तर सरकार सरकारला दंड भरणार. आजीला काय? त्यावर सतराव्या कलमाने केंद्र सरकार आपल्या कुठल्याही संस्थेला राज्याची सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांसाठी या कायद्यातून वगळू शकतं, आणि तक्रार ऐकणाऱ्या मंडळाचे सदस्यही केंद्रच नेमतं. ठेव सांभाळणाऱ्यानेच आपल्या खटल्याचा पंच नेमायचा, हे एकाही स्मृतिकाराने मान्य केलं नसतं.

भरपाईचा हा विषय आमच्या भूमीला नवा नाही. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचं सांताना जहाज घेतलं. त्याच्या भरपाईसाठी पेशव्यांनी 1779 च्या तहाने या मुलखातल्या गावांचा 12,000 रुपयांचा महसूल पोर्तुगिजांना तोडून दिला, आणि 1783 मध्ये नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. दरबारांनी एकमेकांचं देणं चोख फेडलं. ज्यांच्या घामातून ते फिटलं त्या वारल्यांना कोणी विचारलं नाही. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा मुक्त झालं, 11 ऑगस्ट 1961 ला हा प्रदेश भारतात सामील झाला. माहिती संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली तीही 11 ऑगस्टलाच, 2023 मध्ये. हिशेब अजूनही दोन दरबारांमध्येच मिटतो आहे.

माझं मत सरळ आहे. ज्याची माहिती फुटली त्याच्या हातात भरपाई पडली पाहिजे, खातं सरकारी असलं तरी. सर्व खात्यांच्या माहिती सुरक्षेची तपासणी दरवर्षी कॅगसारख्या स्वतंत्र संस्थेने करावी आणि अहवाल संसदेपुढे ठेवावा. मंडळाच्या नेमणुका सरकारच्या हातून काढाव्यात.

हे होईल तेव्हा होईल. तोवर वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. स्वतःसाठी किंवा न वाचता येणाऱ्या कोणासाठी अर्ज भरायला जाल, तेव्हा खिडकीपाशी विचारा: हे कागद कोण सांभाळतं, माहिती सुरक्षेचे अधिकारी कोण, त्यांचं नाव काय? उत्तर मिळालं नाही तर तोच प्रश्न माहिती अधिकारात लेखी टाका. केंद्राच्या कार्यालयांत अर्जाची फी दहा रुपये आहे.