पिसाला दोन वाळव्या

एका पक्ष्याला वाळवीची चटक लागते. ती विकणाऱ्या गाडीवाल्याचा भाव ठरलेला आहे: एका पिसाला दोन वाळव्या. पक्षी रोज एक पीस उपटून देतो. उडणं जड व्हायला लागतं, तरी देतो. शेवटी पंख उरत नाहीत, तेव्हा तो स्वतः वाळव्या वेचून गाडीवाल्यापुढे ढीग घालतो आणि आपली पिसं परत मागतो. उलटा सौदा गाडीवाला करत नाही.

ही गोष्ट आहे गजानन माधव मुक्तिबोधांच्या ‘पक्षी और दीमक’ या कथेतली. घर मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले नामवंत कवी, गजाननरावांची लेखणी मात्र हिंदीत रमली. आणि पिसाचा भाव त्यांना नीट ठाऊक होता. शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर. कुठे मास्तरकी, कुठे संपादन, मग माहिती खातं, आकाशवाणी, ‘नया खून’ साप्ताहिक. संसार वाढत होता, मिळकत पुरत नव्हती.

अशा भटकंतीला आपण कौतुकानं ‘मनस्वीपणा’ म्हणतो. हा अन्याय आहे. पुढच्या महिन्याचं भाडं कुठून येणार हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातून नुसते पैसे जात नाहीत. पुढच्या वर्षाचा विचार करण्याची सवयच सुटते. मग माणूस भरकटल्यासारखा दिसतो.

1958 मध्ये, चाळिशीत, त्यांना राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात नोकरी मिळाली. रायपूरहून सुमारे सत्तर किलोमीटर. जुन्या राजवाड्यातलं कॉलेज, शेजारी तळं, राहत्या जागेत चक्री जिना. ‘अंधेरे में’ ही दीर्घ कविता पूर्ण झाली ती इथे. दारिद्र्यानं कवी घडतो असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: त्यांच्या लेखनाला बहर आला तो थोडी जमीन पायाखाली लागल्यावर.

तीही फार काळ टिकली नाही. 1962 मध्ये ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या त्यांच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारनं बंदी घातली. असं पुस्तक म्हणजे शिक्षकाला कष्टाची, हक्काची मिळकत. 11 सप्टेंबर 1964 रोजी, सत्तेचाळीस पूर्ण होण्याआधीच, ते दिल्लीत गेले. हयातीत स्वतःचा एकही कवितासंग्रह त्यांना पाहायला मिळाला नाही.

राजनांदगावात एक तरुण आपल्या कविता त्यांना दाखवत असे: विनोदकुमार शुक्ल. पुढे ते रायपूरच्या कृषी महाविद्यालयात शिकवू लागले आणि 1979 मध्ये त्यांची ‘नौकर की कमीज़’ ही कादंबरी आली. पक्ष्याची गोष्ट ऐकताना चूक पक्ष्याचीच वाटते. सौदा त्यानं केला, हाव त्याची. शुक्लांचा कारकून संतूबाबू कसला सौदा करत नाही. साहेबांनी नोकरासाठी शर्ट शिवून घेतला आहे, अंगात बसेल असा नोकर तेवढा हवा आहे. एके दिवशी तो संतूबाबूच्या अंगावर चढवला जातो, आणि माप अगदी बरोबर बसतं.