शिस्तीचा जुगार



मासवणपासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या आपल्या वस्त्यांतील कित्येक तरुण औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातात. घामाचा पगार खात्यात जमा होतो आणि त्याच मोबाइलवर क्रिकेटच्या सट्ट्याचे आमंत्रणही येते. हे हराम आहे, असे सांगितले की हल्ली एक उत्तर ऐकू येते : “मी शिस्तीने खेळतो. पाच हजार वेगळे काढले आहेत. एका डावावर शंभराहून जास्त लावत नाही, उधार घेत नाही. घराला झळ नाही, मग पाप कोठे?”

या प्रश्नाची हेटाळणी करू नये. त्याचे उत्तर द्यावे.

प्रथम हिशेबच पाहू. दोन्ही संघ तुल्यबळ असताना सट्टा घेणारा शंभर रुपयांवर जिंकणाऱ्यास 190 रुपये परत देतो, असे समजा. एकाने एका संघावर आणि दुसऱ्याने दुसऱ्या संघावर शंभर लावले, तर 200 आले आणि 190 गेले. दहा रुपये सट्टेवाल्याचे झाले, म्हणजे प्रत्येक डावामागे सरासरी पाच रुपयांची गळती. एखादा दिवस जिंकण्याचा येईलही; पण हजार डावांत सरासरीने पाच हजारांची ती रक्कम संपलेली असते. घागर गळकी असेल तर पाणी वाटीने भरा की तांब्याने, ती रिकामीच होणार. शिस्तीमुळे गळती थांबत नाही. ती केवळ उशिरा लक्षात येते.

परंतु, वाचकहो, समजा एखादा खरोखर जिंकत राहिला, तर? तरीही तो पैसा हलाल होत नाही, कारण जुगाराची मनाई केवळ नुकसानीच्या भीतीने झालेली नाही. इस्लामपूर्व अरबस्तानातील ‘मैसिर’ आठवा. उंट कापला जाई आणि दहा बाण काढले जात. सातांवर हिस्से असत, तीन कोरे असत. कोरा बाण ज्याच्या वाट्याला येई, त्याने उंटाची किंमत भरायची. जिंकणारे मानी लोक आपले मांस गोरगरिबांत वाटून टाकीत. त्याला नियम होते, मर्यादा होती, दानही होते. कुरआनने सूरह बकराच्या 219 व्या आयतीत त्यातील लाभ नाकारला नाही. पाप त्या लाभाहून मोठे आहे, असे सांगितले. पुढे सूरह माइदाच्या 90 व 91 व्या आयतींत त्यापासून पूर्णपणे दूर राहण्याचा आदेश आला. कारणही सांगितले गेले : सैतान याच मार्गाने माणसामाणसांत वैर पेरतो आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखतो. आयपीएलचा रात्रीचा सामना 7.30 ला सुरू होतो. इशाची अजान होते तेव्हा पैसे लावलेल्या माणसाचे मन कोठे असते, हे ज्याचे त्याने पाहावे.

तफसीरच्या ग्रंथांत हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या पैजेचा उल्लेख येतो. रोमन पुन्हा विजयी होतील, या कुरआनच्या भविष्यवाणीवर त्यांनी मक्केतील एका विरोधकाशी पैज लावली होती. तेव्हा जुगाराची मनाई आलेली नव्हती. भविष्यवाणी खरी ठरली, उंट मिळाले, तरी प्रेषित (स.) यांनी ते दान करण्यास सांगितले, असे त्या वृत्तांतात आहे. जिथे हरण्याचा संभवच नव्हता, तिथली कमाईदेखील घरात ठेवली गेली नाही!

एका हदीसनुसार कयामतच्या दिवशी संपत्तीविषयी दोन प्रश्न होतील : कोठून मिळवली आणि कोठे खर्च केली? पाच हजारांची मर्यादा यांपैकी एकाचेही उत्तर होऊ शकत नाही. जिंकलेल्या रुपयामागे श्रम नाही, माल नाही, सेवा नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी घरचा गेलेला रुपया आहे. कदाचित तो आपल्याच पाळीतील सोबत्याचा असेल.

ऑगस्ट 2025 मध्ये भारताच्या संसदेनेही पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ हा भेद त्यात ठेवलेला नाही. चोरवाटा मात्र उरतातच, म्हणून खरा पहारेकरी मनात हवा.

ज्यांच्या घरात ही गोष्ट उघड झाली आहे, त्या आई-वडिलांना विनंती आहे की मुलाला चारचौघांत अपमानित करू नका. लाज वाटली की तो कर्ज लपवतो आणि ते फेडण्यासाठी पुन्हा डाव लावतो. शेजारी बसवून देणी लिहून काढा, काही महिने पगाराचा व्यवहार घरातील जबाबदार माणसाकडे द्या. तरुण मित्रहो, खात्यात उरलेली स्वतःची मूळ रक्कम काढून घ्या आणि ते खाते बंद करा. जिंकलेला पैसा ज्याचा आहे तो माहीत असेल तर त्याला परत द्या. नसेल तर पुण्याची अपेक्षा न ठेवता गरिबांना देऊन टाका. मग तौबा करा. तिचे दार उघडे आहे.

महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढण्याची, मर्यादा न ओलांडण्याची आणि हिशेब लिहिण्याची तुमची सवय उत्तम आहे. तीच कर्जफेडीला, बहिणीच्या शिक्षणाला, सदक्याला लावा.

अल्लाह आपल्या घरांत हलाल रोजीची बरकत देवो. आमीन.