कामाला दाम हवा

बौद्धिक अक्षमता किंवा मानसिक आजार असलेल्या माणसाला दिवसभर कशात तरी गुंतवून ठेवले की पुनर्वसन झाले, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. पाकिटे चिकटवणे, मेणबत्त्या ओतणे, पणत्या रंगवणे ही कामे त्यातूनच ठरून गेली. त्याने दिवस बरा जातो, पालकांना उसंत मिळते, हे खरेच. पण प्रौढ माणसाला स्वतःची कमाईही हवी असते.

इटलीत त्रिएस्तेच्या मनोरुग्णालयातले रुग्ण झाडलोट, धुलाई अशी कामे करत. त्याला उपचार म्हटले जाई, म्हणून मजुरी मिळत नसे. फ्रांको बझाल्या १९७१ मध्ये तिथे संचालक झाले आणि पुढच्या काही वर्षांत त्याच रुग्णांची सहकारी संस्था उभी राहिली. काम तेच राहिले, पण आता त्याचे वेतन मिळू लागले.

‘आधी तयार व्हा, मग नोकरी’ हा क्रमही तपासायला हवा. अमेरिकेत १९९० च्या दशकात तो उलटवला गेला: आधी खरी नोकरी, मग तिथेच शिकवण आणि पाठबळ. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना या पद्धतीने अधिक प्रमाणात नोकऱ्या मिळतात, हे पुढे अनेक अभ्यासांत दिसले.

स्किझोफ्रेनिया झालेल्या अभियंत्याला पाकिटे चिकटवायला शिकवून काय उपयोग? औषधाची गुंगी उतरल्यावर कामावर येण्याची मुभा आणि आजार उलटला तरी नोकरी टिकेल ही खात्री त्याला हवी असते. बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीला कामाचे छोटे टप्पे, ठरलेला क्रम आणि सुरुवातीला सोबत राहणारा मार्गदर्शक लागतो. दोघांना एकाच टेबलाशी बसवण्यात सोय फक्त आपली असते.

आपल्याकडचा अपंगांसाठीचा कायदा थोडा पुढे सरकला आहे. १९९५ च्या कायद्यातील तीन टक्के नोकरी-आरक्षणात या दोन्ही गटांना जागा नव्हती. २०१६ च्या कायद्याने आरक्षण चार टक्के केले. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यात मिळून वाटला जातो. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला त्या कारणाने काढता येत नाही.

तरीही बहुतेक रोजगार सरकारबाहेर आहे. म्हणून दुकानदार, कारखानदार, रुग्णालये आणि बँका चालवणाऱ्यांना विनंती आहे: आपल्याकडची एक जागा या माणसांसाठी खुली करा, काम त्यांना जमेल असे बसवून द्या आणि महिनाअखेरीला त्याच कामाचा इतरांइतकाच पगार हातात ठेवा.