तांबडा ठिपका

गेल्या वर्षी माझ्या नातीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि तिला तेथे रुजू करून देण्यास, म्हणजे वस्तुतः तिची ट्रंक व दाखल्यांची पिशवी सांभाळण्यास, मी बरोबर गेलो. खानदेशात ही सोय तशी अलीकडची. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय १९८८ सालचे, जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८ सालचे, आणि त्यांखेरीज दोन्हीकडे खासगी संस्थाही आहेत. त्यापूर्वी आमच्याकडच्या ज्या मुलाला डॉक्टर व्हावयाचे असे त्याला मुंबई-पुण्याची गाडी धरावी लागे. आम्ही गेलो ते यांपैकी कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. कारण पुढे जी फजिती निवेदन करणार आहे तिचा बराचसा दोष माझाच आहे.

रुग्णालय आणि महाविद्यालय ही जेथे एकाच आवारात नांदतात तेथे इमारत कोणी एकदा बांधलेली नसते, ती वेळोवेळच्या मंजुरीप्रमाणे वाढत गेलेली असते; त्यामुळे एका बाजूने चार पायऱ्या चढून मनुष्य ज्या मजल्यावर येतो तो पहिला मजला असतो, आणि जोडपुलावरून पलीकडे गेले की तोच मजला, आपण एक पायरीही न चढता, दुसरा होतो. केसपेपरच्या रांगेतून वाट काढीत, फरशीवर रंगविलेल्या पिवळ्या पट्टीचा माग काढीत आम्ही निघालो, आणि ती पट्टी आम्हांस एका कुलूपबंद लोखंडी दारापर्यंत इमानाने घेऊन गेली. धुळे शहराचा मला येथे हेवा वाटला. १८१८ साली इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज याने तेथे जी नवी पेठ आखली तिच्या गल्ल्यांना आजही क्रमांक आहेत, आणि चार नंबरच्या गल्लीनंतर पाच नंबरची येते, हा नियम तेथे सहसा मोडत नाही.

शेवटी जिन्याखालच्या भिंतीवर इमारतीचा नकाशा सापडला. नकाशा उत्तम होता. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, ग्रंथालय, अधिष्ठात्यांचे दालन, शवागार, सारे काही यथास्थित दाखविलेले. खाली कोपऱ्यात सूचीही होती, आणि सूचीत लिहिले होते की, तांबडा ठिपका म्हणजे ‘आपण येथे आहात’. परंतु तांबडा ठिपका कोठेच नव्हता. मी चष्मा पुसून पाहिले तेव्हा उमगले की, नकाशाच्या मध्याजवळ रुपयाएवढ्या जागेत रंग पार उडून पांढरा पत्रा दिसू लागला होता. जो जो आला त्याने प्रथम त्या ठिपक्यावर बोट ठेवले, आणि शेकडो बोटांखाली तो ठिपका आजूबाजूच्या दोन खोल्यांसह झिजून गेला. नकाशा होता, इमारत होती, पाहणारे आम्ही दोघे होतो. आणि तरीही त्या नकाशाचा आम्हांला काडीमात्र उपयोग होईना.

तेवढ्यात स्ट्रेचर ढकलीत एक वॉर्डातले मामा आले, आमच्याकडे पाहून थांबले आणि म्हणाले, “कोठे जानं शे, बाबा?” मी सांगितले. “मना मांगे या,” एवढेच बोलून ते चालू लागले. त्यांनी नकाशाकडे दृष्टिक्षेपही टाकला नाही.

ही हकीकत येथेच संपली असती. परंतु दिवाळीत नात घरी आली तेव्हा तिने मला जे विचारले त्यामुळे तो नकाशा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला. पहिल्या वर्षाच्या मुलांना विच्छेदनास बसण्यापूर्वी त्या मृतदेहाविषयी आदर बाळगण्याची शपथ घ्यावी लागते. ती शपथ तिने घेतली होती, फॉर्मॅलिनच्या वासाने डोळ्यांतून पाणी येण्याचे दिवसही मागे पडले होते. त्यांच्या टेबलावर एका वृद्ध स्त्रीचा देह होता आणि काम हातापासून सुरू झाले. त्या हातावर, मनगटाच्या वर, हिरवट पडलेल्या गोंदणाचे तुळशीवृंदावन होते. शिरस्त्याप्रमाणे प्रथम त्वचा सोडवावयाची असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात ते वृंदावन त्वचेबरोबर बाजूला झाले, आणि खाली स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, पुस्तकात असतात तसे, अगदी त्याच क्रमाने निघाले. “आजोबा,” ती म्हणाली, “सगळं सापडलं. पण ते गोंदवून घेताना जिला दुखलं असेल, ती बाई यात कुठं होती?”

हा प्रश्न बालिश नाही. आपल्याकडे शवविच्छेदनाची परंपरा जुनी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात देह गवताने वेढून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवावा आणि मग वाळ्याच्या वा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासून एकेक थर उलगडावा, अशी रीत सांगितली आहे. मात्र तेथेच, हे सारे सांगून झाल्यावर, देहातला जो सूक्ष्म स्वामी तो या डोळ्यांना दिसणार नाही, असाही खुलासा आहे. ज्याने हातात कुंचला घेण्यास सांगितले त्यानेच कुंचल्याची हद्दही सांगून ठेवली, हे मला त्या ग्रंथाचे मोठेपण वाटते.

आणि खानदेशच्या मनुष्याला या प्रश्नासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीला आरंभ, पुढे दर रविवारी एक अध्याय, आणि ती उतरून घेण्यास साने गुरुजी बसलेले. तेराव्या अध्यायाची पाळी आली तेव्हा मे महिना होता. खानदेशातला मे म्हणजे काय हे ज्यांनी सोसले आहे त्यांना त्या बराकीतील हवेची कल्पना येईल. शरीर हे क्षेत्र आणि त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ, हा त्या अध्यायाचा विषय. आणि ज्या श्रोत्यांचे क्षेत्र सरकारने चार भिंतींत अडकवून त्यावर पहारा बसविला होता त्यांना क्षेत्रज्ञाविषयी ऐकताना काय वाटले असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे.

‘क्षेत्र’ म्हणजे शेत. ज्ञानेश्वरांनी हा शब्द अक्षरशः घेतला आणि त्याच्या मालकीविषयीच्या नाना मतांचा असा झगडा मांडला की वाचणाऱ्यास मामलेदार कचेरीतल्या दाव्याची आठवण व्हावी. कोणी म्हणतो शेत जीवाचे. प्राण हे त्याचे कूळ, त्याचे चार भाऊ राबणारे, मन देखरेखीला आणि इंद्रिये म्हणजे औताचे बैल. दुसरा म्हणतो जीव हा वाटसरू, शेत वडिलोपार्जित प्रकृतीचे. तिसरा संकल्पाचे नाव पुढे करतो, चौथा स्वभावाचे, पाचवा काळाचे. सातबाऱ्यावर नाव कोणाचे लागावे याचा हा तंटा वाचून मला पहिल्यांदा हसू आले होते. आता येत नाही. कारण शेताची मोजणी कितीही काटेकोर झाली, गट क्रमांक, आकार, चतुःसीमा, विहिरीतला हिस्सा असा सगळा तपशील उतरला, तरी मालक त्या शेतात बांधासारखा किंवा विहिरीसारखा सापडत नसतो, आणि म्हणून त्याच्यासाठी उताऱ्यावर निराळा रकाना ठेवावा लागतो.

गिल्बर्ट राइल या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाला हा निराळा रकानाच मान्य नव्हता. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो एका पाहुण्याची गोष्ट सांगतो. त्या पाहुण्याला महाविद्यालये, ग्रंथालये, क्रीडांगणे, कचेऱ्या हे सर्व दाखवून झाल्यावर तो विचारतो, हे ठीक आहे, पण विद्यापीठ कोठे आहे? राइलचे म्हणणे असे की, जे पाहिले त्याचीच जी मांडणी तेच विद्यापीठ. ते आणखी एका इमारतीप्रमाणे शोधणे हीच चूक, आणि देहाखेरीज मन शोधणारे हीच चूक करतात. मिलिंद राजाला रथाचे चाक, आस, जू यांपैकी रथ कोणता असे विचारणाऱ्या भिक्खू नागसेनाचा रोख निराळा असला तरी युक्ती याच जातीची.

राइलचा पाहुणा चुकला हे मी मान्य करतो, आणि माझ्या नातीला त्या बाईची एखादी लपलेली खोली सापडावयाची नव्हती हेही मान्य करतो. तथापि, राइलने आपल्या गोष्टीत एका माणसाचा हिशेब धरलेला नाही. तो म्हणजे खुद्द तो पाहुणा. विद्यापीठ म्हणजे इमारतींची मांडणी, ठीक. पण ती मांडणी कोणाला दिसली? जिन्याखालच्या त्या नकाशावर तांबडा ठिपका ही इमारतीतली खोली नव्हती. त्याला लांबी-रुंदी नव्हती, सूचीत विभाग म्हणून त्याची गणना नव्हती, तो पुसला गेल्याने इमारतीची एक वीटही कमी झाली नाही. आणि तरीही तो गेल्यावर उरलेला सारा नकाशा आमच्यापुरता मुका झाला. शरीररचनेच्या पाठ्यपुस्तकातील उत्तमातील उत्तम चित्रावर असा ठिपका नसतो. ते चित्र कोणाचेच नसते, म्हणूनच ते सर्वांच्या उपयोगी पडते.

हेच विवेचन एका समर्थ मनाने आमच्या अगदी दाराशी केलेले आहे. धुळे आणि जळगाव यांच्या दरम्यान, अमळनेरला, प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, आणि कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा ‘विषयी’, म्हणजे ज्ञाता, व त्याचे स्वातंत्र्य यांवरील ग्रंथ १९३० साली त्याच संस्थेने प्रसिद्ध केला; पुढे काही काळ ते तेथे संचालकही होते. ग्रंथ लहान आणि कठीण. मी तो तीनदा वाचला आणि दोनदा अर्ध्यावर टाकला, हे प्रांजळपणे सांगतो. परंतु त्यांची एक पायरी मला पक्की समजली आहे, ती अशी की, आपला देह आपल्याला दोन तऱ्हांनी ठाऊक असतो, एकदा इतरांना दिसतो तसा बाहेरून, आणि एकदा आतून, नुसता जाणवलेला; आणि ज्ञात्याचा शोध या दुसऱ्या तऱ्हेपासून सुरू होतो. गोंदणाची सुई टोचते ती या आतल्या देहाला. विच्छेदनाच्या टेबलावर पहिलाच देह असतो.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो मला परतविता येत नाही. ठिपकाही शेवटी रंगच की. नकाशा ज्या रंगाने काढला त्याच डब्यातला. मेंदू थांबला की आतली जाणीव थांबते, हे अतिदक्षता विभागातला कोणीही सांगेल. ज्ञाता देहाहून निराळा म्हणून देहानंतरही राहतो, असे जे पुढचे पाऊल आपली शास्त्रे टाकतात ते मला टाकता येत नाही. श्रद्धेने टाकणाऱ्यांशी माझा वाद नाही. मी एवढेच म्हणेन की, ठिपका कशाचा बनला आहे हा एक प्रश्न आणि तो काय दाखवितो हा दुसरा, आणि पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा बरखास्त होत नाही.

नातीला मी यातले फारसे सांगितले नाही. तिला एका शब्दाची गोष्ट सांगितली. ज्या मृतदेहावर कोणी हक्क सांगत नाही तो शिक्षणसंस्थांच्या हवाली करण्याची तरतूद आपल्याकडे १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने झाली. अशा देहाला व्यवहारात ‘बेवारस’ म्हणतात. वारस नाही, म्हणजे मालमत्ता आहे आणि धनी नाही. अलीकडे लोक हयातीत अर्ज भरून देहदान करतात, आणि तेथे मालक स्वतःच आधी सही करून ठेवतो. टेबलावर दोन्ही देह सारखेच दिसतात आणि दोन्हींतून तेच स्नायू निघतात. “आमच्या बाईंनी सही केली होती का, ते विचारते,” असे ती म्हणाली. पुढे तिने विचारले, आणि नावे सांगण्याचा नियम नाही, असे उत्तर तिला मिळाले; ते योग्यच होते.

फाल्गुनात मी पुन्हा तिकडे गेलो. ती आता त्या इमारतीतून डोळे मिटून चालावे तशी चालते, आणि जोडपुलावर मजला बदलतो हे तिच्या ध्यानातही येत नाही. वाटेत एका म्हाताऱ्याने तिला क्ष-किरण विभाग विचारला, तर तिने दिशा सांगितली नाही, ती त्याच्यापुढे चालू लागली. मी जिन्याखाली तिची वाट पाहत थांबलो. नकाशा तसाच होता. मात्र मधल्या पांढऱ्या पत्र्यावर कोणीतरी, बहुधा वॉर्डातल्या एखाद्या मावशीने, आपल्या कपाळावरची तांबडी टिकली काढून चिकटवून ठेवली होती.