अपुरा किल्ला

सामायिक आभासी जग म्हणजे संगणकाने उभा केलेला असा परिसर, ज्यात अनेक माणसे आपापल्या यंत्रावरून एकाच वेळी शिरतात, एकमेकांना दिसतात, बोलतात आणि तिथल्या वस्तू हलवून, मोडून, बांधून तो परिसर बदलूही शकतात. त्यात वावरणाऱ्या माणसाच्या चित्ररूपाला जगभर ‘अवतार’ म्हणतात. १९८०च्या दशकात ‘हॅबिटॅट’ या अमेरिकी खेळाने हा शब्द पडद्यावर नेला. चिखलात खेळून आलेल्या मराठी पोराला घरी ‘हा काय अवतार!’ म्हणून जे ऐकावे लागते, त्याच्याशी या नव्या अवताराचे नाते वरवर दिसते त्यापेक्षा जवळचे आहे.

शाळेसाठी अशा जगाचा विचार निघाला की ऐतिहासिक स्थळ आधी सुचते, आणि बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर सातपुड्यात उभा असलेला असीरगड त्यासाठी मुद्दाम घडवल्यासारखा आहे. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरणारी वाट त्याच्या नजरेखालून जाते, म्हणून तो दक्खनचा दरवाजा म्हणवला गेला. असीरगड, कमरगड आणि मलयगड असे त्याचे तीन भाग आहेत आणि पायथ्यापासून त्याचा माथा सुमारे ८५० फूट उंच आहे. पडलेले वाडे पुन्हा उभारावेत, बुरुजांवर तोफा चढवाव्यात आणि मुलांना त्यात हिंडू द्यावे, हा बेत मोहात पाडणारा असला तरी शिकवण्याच्या दृष्टीने तोच सर्वांत कच्चा आहे. पुराव्यावरून काढलेली भिंत आणि अंदाजाने काढलेली भिंत पडद्यावर सारखीच टणक दिसते. वारसास्थळांच्या संगणकीय पुनर्रचनेसाठी २००६मध्ये तयार झालेल्या ‘लंडन सनदे’चा रोख याच अडचणीवर आहे: पुराव्याने ठरलेले काय आणि तर्काने भरलेले काय, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. अभ्यासकांनी स्वतःवर घालून घेतलेली ही अट सहावी-सातवीच्या वर्गाला लावली, तर धड्याचे रूपच पालटते.

असीरगडाच्या बाबतीत शंका भिंतींपुरती राहत नाही, कारण किल्ला पडला कसा याच्याच दोन हकिकती आहेत. १७ जानेवारी १६०१ रोजी तो अकबराच्या हाती आला आणि खानदेशातील फारुकी घराण्याची सत्ता संपली, एवढ्यावर वाद नाही. फैजी सरहिंदीसारख्या मोगल पक्षाच्या लेखकाच्या मते दीर्घ वेढ्यात किल्ल्यात रोगराई पसरली आणि शिबंदी खचली. दुसरी हकिकत अकबराच्या दरबारी राहिलेल्या जेरोम झेवियर या जेझुइट पाद्र्याच्या पत्रांतून युरोपात पोचली. तिच्यानुसार किल्ल्यातल्या फारुकी सुलतान बहादूरला शपथेच्या भरवशावर बाहेर बोलावून अडकवण्यात आले आणि पुढे किल्लेदारांची मने सोन्याने वळवून दरवाजे उघडले गेले. व्हिन्सेंट स्मिथ या आयरिश इतिहासकाराने १९१७च्या आपल्या अकबरचरित्रात जेझुइटांची बाजू उचलून धरली आणि रोगराईची गोष्ट रचलेली ठरवली. मात्र पाद्री तरी निःपक्षपाती कुठे होता? किल्ल्यात पोर्तुगीज गोलंदाज होते आणि पोर्तुगीजांचे हितसंबंध त्याला परके नव्हते. विजयाच्या स्मरणार्थ अकबराने असीरच्या नावाने सोन्याची मोहोर पाडली, तिच्यावर ससाणा कोरलेला आहे. दरवाजा कोणी उघडला याची साक्ष तो पक्षी देत नाही.

अशा प्रश्नाचा वर्गात उपयोग कसा होतो, याचा एक नमुना अमेरिकेत घडला आहे. हार्वर्डमधील क्रिस डीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माध्यमिक शाळांसाठी ‘रिव्हर सिटी’ नावाचे आभासी गाव रचले. एकोणिसाव्या शतकातल्या या गावात लोक आजारी पडत आहेत. विद्यार्थी गट करून त्यात शिरत, रहिवाशांशी बोलत, पाण्याचे नमुने तपासत आणि रोग पाण्यातून पसरतो, हवेतून की डासांमुळे, याचा तर्क बांधून आपले निष्कर्ष गावाच्या महापौराला कळवत. वेढ्यात कोंडलेल्या असीरगडाशी याचे साम्य उघड आहे: माणसे किती, जनावरे किती, माथ्यावरच्या तळ्यांतले पाणी किती दिवस पुरेल, ही आकडेमोड मुलांना करायला लावली, तर रोगराईच्या हकिकतीचे वजन त्यांना स्वतः जोखता येते. फरक मात्र मोठा आहे. रिव्हर सिटीत उत्तर रचनाकारांनी आधीच पेरून ठेवलेले होते, असीरगडात ते कोणाजवळ नाही; म्हणून इथे एका गटाने सोन्याने उघडलेला दरवाजा रचावा, दुसऱ्याने तोच दरवाजा पहारेकरी आजारी पडल्यामुळे ओस पडलेला दाखवावा, आणि मग दोघांनी एकमेकांच्या किल्ल्यात जाऊन ‘हे कशावरून?’ असे विचारावे. जग सामायिक असण्याची खरी गरज या एका प्रश्नापुरती आहे. एकट्याने किल्ला पाहायचा तर चित्रफितीनेही भागते.

मराठी मुलांना ही रीत नवी नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-साताऱ्याकडे अंगणाच्या कोपऱ्यात दगडविटा रचून, त्यांवर पोते टाकून, माती लिंपून जो किल्ला होतो, त्यावर अळीव पेरताना आणि मावळे मांडताना टाके कुठे, चोरवाट कुठून, यावर कडाक्याची भांडणे होतात. हा खरा रायगड आहे असे त्यातल्या कोणालाही वाटत नाही, कारण माती प्रत्येकाच्या कोपरापर्यंत चढलेली असते. पडद्यावरच्या गुळगुळीत किल्ल्याला नेमका हा अवतार नसतो.

साधनांची रड मात्र नेहमीच्या पद्धतीने रडण्यात अर्थ नाही. एका संगणकाभोवती तीन-चार मुले, हे सरकारी शाळेतले दृश्य डोळ्यांवर चढवायचे चष्मे विकणाऱ्याला दारिद्र्य वाटेल. वाद घालून बांधण्याच्या कामाला ते सोयीचेच आहे. दिल्लीच्या कालकाजीत १९९९मध्ये सुगत मित्र यांनी भिंतीत बसवलेल्या संगणकापुढेही मुलांची टोळकीच जमत होती. खरा धोका भाड्याच्या जागेचा आहे. ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगाने शिक्षणसंस्थांची निम्म्या दराची सवलत २०११पासून बंद केली आणि ती परत आणायला २०१३ उजाडले. ‘अल्टस्पेस’ हे असेच जग २०२३मध्ये बंद पडले आणि ‘मोझिला हब्स’ २०२४मध्ये. तिथे बांधलेल्या वर्गखोल्यांचे काय झाले असेल हे वेगळे सांगायला नको. वर्गाने बांधलेला किल्ला शाळेच्याच संगणकावर, दुसऱ्या साधनातही उघडेल अशा रूपात राहिला पाहिजे.

भाषेचा मुद्दा बुऱ्हाणपुरात टाळता येत नाही. जिल्ह्यात निमाडी, हिंदी, मराठी आणि उर्दू बोलणारी घरे आहेत आणि पलीकडे महाराष्ट्राच्या हद्दीत रावेर आहे. फारुकी सुलतानाने शहरातल्या जामा मशिदीत अरबीच्या जोडीने संस्कृत शिलालेख कोरवला. त्या गावात एकभाषी आभासी किल्ला बांधणे हे अज्ञानच ठरेल. रावेरच्या मराठी वर्गाने आणि बुऱ्हाणपूरच्या हिंदी वर्गाने एकच दरवाजा बांधायला घेतला, तर ‘फितुरी’ आणि ‘ग़द्दारी’ या शब्दांवरूनही वाद होईल, आणि तो ऐकण्यासारखा असेल.

बांधणी झाल्यावर सहल निघावी, आधी नव्हे. पुराव्याच्या भिंतीला दगडी रंग आणि अंदाजाच्या भिंतीला मातीचा रंग देऊन मुले गडावर पोचली, की कोणीतरी त्यांना महादेवाचे मंदिर दाखवील आणि सांगेल की अश्वत्थामा रोज पहाटे इथे पूजेला येतो, पिंडीवर ताजे फूल दिसते. हे ना दगडी रंगात बसते ना मातीच्या. तिसरा रंग कोणता घ्यायचा, यावर परतीच्या बसमध्ये भांडण सुरू झालेले असेल.