आपल्या हातचे जव

ज्याने घाम गाळून पीक काढिले, त्यास त्या पिकाचा वाटेल तसा उपयोग करण्याचा अधिकार आहे काय? हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरी नवा नाही. तथापि अमेरिकेतील एका रीतीवरून तो आम्हांस अधिक स्पष्ट दिसला, म्हणून वाचकांपुढे ठेवितो.

त्या देशी कित्येक गृहस्थ आपल्या परसात जव पेरितात व त्याची बिअर घरीच करितात. हे काम आळशाचे नव्हे. कापणी, मळणी, उफणणी झाल्यावर दाणे भिजत घालावे लागतात. मग ते ओलसर पसरून, चार-पाच दिवस वारंवार खालीवर करून मोड आणावे लागतात व वेळीच वाळवावे लागतात. मोड येताना दाण्यात असे द्रव्य तयार होते की, त्याची भरड ६५ अंशांच्या कढत पाण्यात ठेविली असता पिठाची साखर बनते. त्या गोड रसात हॉप नावाच्या वेलीची फुले उकळतात; तो निवल्यावर त्यात यीस्ट घालितात, आणि साखरेचे मद्य होते. सुमारे १९ लिटर बिअरीस साडेचार किलो मोडाचे जव लागतात.

हे लोक म्हणतात, “आम्ही गुत्त्यात जात नाही, कर्ज काढीत नाही, कोणास विकीत नाही, मग दोष कसला?” ह्या बोलण्यात तथ्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. स्वतः पेरणाऱ्यास दाण्याचे मोल कळते.

दुसरे म्हणतात, कायद्याची परवानगी आहे. खरे आहे. त्या देशात १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती, तरी घरोघर चोरून बिअर होतच असे. पुढे १९७८ साली कायद्याने ती घरी करण्यास मोकळीक दिली. दोन प्रौढ माणसांच्या घरास वर्षाची मर्यादा २०० गॅलन ठेविली. वाचकहो, हिशेब करून पाहा: हे दररोज सुमारे दोन लिटर होतात! कायद्याची मर्यादा ती विवेकाची मर्यादा नव्हे. बंदीने मन बदलले नाही, आणि मोकळीक दिल्याने मनाची जबाबदारी संपली नाही.

आमच्या मते खरी अडचण येथेच आहे. गुत्त्याचे दार रात्री बंद होते. घरच्या पिंपास दार नाही. गुत्ता मुलांच्या दृष्टीआड असतो. घरचे पिंप त्यांच्या डोळ्यांपुढे असते. आणि ज्या भावास एका पेल्यावर थांबता येत नाही, तो पाहुणा म्हणून आला असता त्याच्यापुढे काय ठेवावे? आपले श्रम शुद्ध होते, एवढे सांगून ह्याचे उत्तर होत नाही.

दाण्याचा दोष नाही. आपल्याकडे नाचणीस मोड आणून तिचे सत्त्व तान्ह्या बाळास देतात. नेपाळात व सिक्कीमात त्याच नाचणीचे मादक पेय करितात. दाणा तोच, भेद हेतूचा.

बेथलेहेमात रूथ जवाच्या शेतात सरवा वेचीत होती. शेत बवाजाचे, पीकही त्याचेच. तरी परक्या विधवेचा वाटा त्यात आहे, हे त्याने ओळखिले. श्रमाने पीक आपले होते. पण त्या पिकाने कोणाचे बरे झाले व कोणाचे वाईट, हा हिशेब आपल्याकडेच राहतो. पेरण्यापूर्वीच तो आपण करावा, हे बरे.